निकालाआधीच्या तारखा



ज्या गावी कांद्याचा व्यवहार मोठा, त्या गावी उधारीही मोठी असते, आणि उधारी थकली की दिवाणी दावा कोणाच्या ना कोणाच्या दारी येतोच. म्हणून २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याने दिवाणी प्रक्रिया संहितेत तेरा-अ हा आदेश घालून, तोंडी पुरावा न घेताच संक्षिप्त निकाल देण्याचा जो अधिकार न्यायालयास दिला, त्यातील मुदतींचा विचार आज मी मांडणार आहे. आजमितीस ३ लाख रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या व्यापारी वादांना ही तरतूद लागू आहे.

प्रतिपक्षाला यशाची खरीखुरी आशा नाही आणि साक्षीपुराव्यापर्यंत थांबण्यास अन्य सबळ कारणही नाही, असे दाखवून वादी वा प्रतिवादी यांपैकी कोणीही असा अर्ज करू शकतो. मात्र तो समन्स बजावल्यानंतर आणि वादमुद्दे काढले जाण्यापूर्वी झाला पाहिजे.

समजा, ओतूरच्या एका व्यापाऱ्याने मुंबईच्या खरेदीदारावर थकबाकीचा दावा लावला आणि अशा अर्जाची सुनावणी ३१ मार्चला ठेवली. सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी, म्हणजे उशिरात उशिरा १ मार्चला खरेदीदाराच्या हाती पडली पाहिजे. माल नासका आल्याचे पत्र किंवा बिल्टीवरील शेरा अशी जादा कागदपत्रे त्याला दाखल करावयाची असतील, तर ती किमान १५ दिवस आधी, १६ मार्चपर्यंत. आणि त्यांना उत्तर देणारे वादीचे कागद किमान ५ दिवस आधी, २६ मार्चपर्यंत यावयास हवेत.

या मुदती कारकुनी सोयीसाठी नाहीत. जेथे साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहणार नाही, उलटतपासणी होणार नाही, तेथे कागद हाच साक्षीदार; आणि तो वाचून त्याला उत्तर देण्याचा अवसर हाच उलटतपासणीचा पर्याय होय. तो अवसर हिरावला, तर निकाल शीघ्र होईल, पण न्याय्य होणार नाही.

अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत १९३८ पासून संक्षिप्त निकालाची ही सोय आहे; तेथे न्यायाधीश दाव्याच्या आरंभीच वेळापत्रकाचा हुकूम काढतो, आणि सबळ कारण व न्यायाधीशाची संमती यांवाचून तो बदलत नाही. आपल्या संहितेतील पंधरा-अ आदेशानेही पहिल्या प्रकरण-व्यवस्थापन सुनावणीपासून ६ महिन्यांच्या आत युक्तिवाद संपविण्याची अपेक्षा ठेवली आहे.

म्हणून माझे व्यापारी बंधूंना आग्रहाचे सांगणे आहे, की बिले, बिल्टी आणि पोच व्यवहाराच्या दिवशीच दप्तरी लावा, आणि नोटीस येताच वकिलांकडे जा. तरुण वकिलांना माझी विनंती अशी, की तहकुबी मागण्यापूर्वी स्मरावे, मुदत ही दोन्ही पक्षांची समाईक मालमत्ता आहे. एकाने ती उधळली की दुसऱ्याचा हक्क बुडतो.