बदक काही पडेना

नव्वदच्या दशकात ज्यांचं लहानपण नाशिकच्या सिडकोत, पंचवटीत गेलं, त्यांना ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ ही काय भानगड, हे सांगायला नको. जपानी निंटेंडो कंपनीने 1983 मध्ये टीव्हीला जोडून खेळायचं ‘फॅमिकॉम’ हे यंत्र आणलं. आपल्या घरी आली ती त्याची स्वस्त नक्कल. कॅसेटवर लिहिलेलं ‘9999 इन 1’, आत मात्र तेच ते मोजके खेळ उलटसुलट. फसवणूक सगळ्यांना ठाऊक होती, तक्रार कुणाचीच नव्हती.

यंदा सुट्टीत भाच्यासाठी जुना संच माळ्यावरून काढला, नव्या टीव्हीला जोडला आणि 1984 चा ‘डक हंट’ लावला. संचातल्या बंदुकीने नेम धरून चाप ओढला, पण एक बदक पडेना. खेळातला कुत्रा तेवढा फिदीफिदी हसला! बंदूक ठणठणीत होती. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. जुन्या पिक्चर ट्यूबवर हे तत्क्षणी व्हायचं. नवा टीव्ही चित्र आधी सजवतो, मग दाखवतो. तोवर बंदुकीची वेळ टळलेली असते.

‘मारिओ’ मात्र टिकला. 1985 चा खेळ, जेमतेम 40 किलोबाइटचा. पण बटण दाबून धरलं की लांबणारी ती उडी आजही बोटांना सुखावते.

‘कॉन्ट्रा’चं दुखणं निराळं. एका ओळीत आठांपेक्षा जास्त आकृत्या आल्या की यंत्राला झेपत नाही, चित्रं लुकलुकतात. ते चालेल. पण एकट्याने खेळताना तो नुसता कंटाळवाणा आणि निर्दय वाटतो. दोघं खेळत असले की धबधब्याच्या टप्प्यात एक जण भराभर वर चढला की मागे राहिलेला पडद्याखाली जाऊन मरायचा. त्यावरून घराघरांत भावंडांची हाणामारी व्हायची, आणि माझ्या मते अर्धा खेळ त्या भांडणातच होता.

तेच खेळ भरलेले हातात मावणारे संच हल्ली बाजारात मिळतात. घेणार असाल, तर दुसरा रिमोट जोडता येतो का, तेवढं दुकानातच बघून घ्या.