अक्षर, चित्र आणि सुरी
(संघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणिसांनी आमचे नाव पुकारले तेव्हा समाजोन्नतीवर काही भारदस्त ऐकावयास मिळेल, अशी अपेक्षा आपण केली असेल. आम्ही मात्र मसाल्याच्या पुडीवरील चिठ्ठीविषयी बोलणार आहो. तिला सर्वजण स्टिकर म्हणतात. आम्हीही तसेच म्हणू.

उन्हाळ्यात आपल्या अंगणांत मिरच्या वाळतात, डंकावर आगरी मसाला कुटला जातो. आजवर तो नात्यागोत्यांत बरण्यांतून वाटला जाई, व बरणीवर नाव घालण्याचे कारण नसे. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला, त्याच दिवशी उरणपर्यंत आगगाडीही आली, आणि मुंबईचे गिऱ्हाईक दाराशी आले. या अनोळखी गिऱ्हाइकाला आपल्या हाताची चव ठाऊक नसते. ते प्रथम पुडीवर काय आहे ते वाचते. चाळीस पुड्यांसाठी छापखान्यात जाणे परवडत नाही. म्हणून आपल्या काही भगिनींनी वर्गणी काढून क्रिकट नावाचे घरगुती यंत्र आणले. साध्या प्रिंटरवर छापलेला कागद त्यात घातला की बारीक सुरी चित्राभोवती फिरून स्टिकर कापते.

पहिल्या दिवशी काय झाले ते सांगितलेच पाहिजे, कारण चूक आमची होती. पडद्यावर आम्ही चित्र मांडले, त्यावर ‘आगरी मिरची मसाला’ ही अक्षरे मांडली व कळ दाबली. यंत्राला ती अक्षरे चित्राचा भाग आहेत हे कोणी सांगितलेच नव्हते! त्याने प्रत्येक अक्षर स्वतंत्र कापावयाची वस्तू मानली. ‘ग’चा काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे, आणि शिरोरेषा जेथे जेथे एकमेकींवर चढल्या होत्या तेथे तेथे सुरीची खूण. त्यात भर म्हणजे त्या अक्षरयोजनेला देवनागरी जुळविता येत नव्हती. वेलांटी एक घर पुढे सरकली आणि आमच्या मिरचीचा मरीची ऋषी झाला. भगिनी पोट धरून हसल्या, पण वीस कागद वाया गेले ते गेलेच.

वस्तुतः ही अडचण नवी नाही. १८३१ साली मुंबईस गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले. शिळाछापाची गंमत अशी की दगडावर जो हात अक्षर काढी तोच चित्रही काढू शके. दोहोंत भिंत नव्हती. पुढे खिळ्यांची छपाई सर्वत्र झाली तेव्हा अक्षर ओतशाळेतून येऊ लागले व चित्र ठोकळ्यावरून. घरच्या यंत्रावर आपल्याला पुन्हा शिळाछापाकडे जावयाचे आहे. सुरी फिरण्यापूर्वी अक्षर आणि चित्र यांचा एक दगड करावयाचा आहे.

तो असा करावा. मजकूर युनिकोडमध्ये, जेथे जोडाक्षरे नीट उमटतात अशा ठिकाणी लिहावा, व तेथूनच त्याचे पारदर्शक पार्श्वभूमीचे चित्र करून यंत्राच्या पडद्यावर आणावे. इंचास तीनशे ठिपके धरले तर दोन इंची स्टिकरला सहाशे ठिपके रुंदीचे चित्र लागते. व्हॉट्सॲपवरून आलेला आक्रसलेला फोटो तेथे पुरा पडत नाही. नंतर मजकूर, चित्र आणि दोहोंभोवती दोन-तीन मिलिमीटर सुटणारी पांढरी किनार ही तिन्ही निवडून ‘फ्लॅटन’ या आज्ञेने एकजीव करावी. मग सुरी फक्त बाहेरच्या कडेने फिरते. एकदा चित्र झाले की शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून त्यापूर्वी दोघींनी तरी मजकूर मोठ्याने वाचावा.

कागदाच्या कडेला काळ्या खुणा छापल्या जातात. यंत्राचा डोळा त्या पाहून चित्र कोठे आहे ते ओळखतो. म्हणून प्रिंटरला ‘पानात बसवा’ असे कधीही सांगू नये. शंभर टक्के मापानेच छापावे. चकचकीत कागदावर खुणा उजेडाने झळकतात व डोळा चुकतो. त्यांवर साधी धुरकट चिकटपट्टी लावल्यास भागते. मसाल्याच्या हाताला तेल असते आणि शाईच्या प्रिंटरचा रंग पाण्याने फुटतो, यास्तव वर पारदर्शक पापुद्रा चढवावा. मात्र तो खुणांवर येऊ देऊ नये. सुरी वरचा थर कापील, पाठीचा कागद नाही, एवढाच दाब हवा. तो आधी एका तुकड्यावर पाहावा.

आता कायद्याविषयी. पुडीवर पदार्थाचे नाव, घटक, वजन, तारखा, शाकाहाराची हिरवी खूण व खाद्यसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक हवा. हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असणे बंधनकारक आहे; मराठी त्याच्या जोडीला चालते, एकटी चालत नाही. आम्हांस हे रुचले नाही, तरी पाळावे लागते. तारीख दर खेपेस बदलते. तिची जागा कोरी ठेवून शिक्का मारावा, नाहीतर प्रत्येक खेपेस सारा खटाटोप.

आणि करणाऱ्याचा पूर्ण पत्ताही द्यावा लागतो. येथे आमच्यांत दोन दिवस वाद झाला. १९८९ साली बंदर सुरू झाले, आणि ‘न्हावा शेवा’ हे नाव जगभरच्या जहाजांच्या कागदांवर गेले; ज्या शेव्याचे ते नाव, ते गाव मात्र बंदरासाठी उठून नव्या जागी बसले. तरुण मंडळींनी चित्रासाठी बंदरावरची क्रेन सुचविली. एका आजीबाईंनी चष्मा पुसून ती पाहिली आणि म्हणाल्या, “हे आमचे कोठे?” मग शाळकरी नातीने त्यांच्या सांगण्यावरून खाडी, बांध आणि मिठागर काढले. पत्त्यात ‘नवीन शेवा’ लिहिले, कारण टपाल तेथेच येते. चित्रातल्या बांधावर, अगदी बारीक अक्षरांत, नुसते ‘शेवा’ आहे. ते चित्रात एकजीव केलेले आहे. आता सुरीलाही ते वेगळे करता येत नाही.

पहिल्या खेपेचे चाळीस स्टिकर दाराशी मेजावर ठेवले आहेत. पाहावेत, आणि अशुद्ध आढळल्यास आजच सांगावे. पुढच्या मिरच्या वाळत पडल्या आहेत.