कुंडीतलं पाणी गोठतं तेव्हा



हिवाळा सरला की इंग्लंडमधल्या परसबागांत मातीच्या कुंड्यांची पाहणी सुरू होते. कुणाचा काठ पापुद्र्यांनी सुटलेला असतो, कुणाच्या पोटावर उभी चीर गेलेली असते, तर एखादी उचलायला जावं तर बूड जमिनीवरच राहतं. तिकडे स्थायिक झालेली आपली मंडळी कढीपत्त्याचं रोप थंडीत आठवणीनं घरात घेतात, पण गुलाबाच्या आणि लॅव्हेंडरच्या कुंड्या बाहेरच असतात. कुंडी फुटली की सगळे थंडीला बोल लावतात. थंडीचा दोष आहेच, पण तो अर्धा. उरलेला अर्धा पाण्याचा, आणि पाण्याचा बंदोबस्त आपल्याला करता येतो.

आपला माठ आठवा. त्याच्या अंगातल्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, वाऱ्यानं सुकतं आणि आतलं पाणी गार होतं. मातीच्या कुंडीचं अंगही तसंच. त्यातून मुळांना हवा मिळते, जास्तीची ओल निघून जाते, म्हणून झाडाला ती मानवते. पण नोव्हेंबरच्या पावसात हीच छिद्रं पाण्यानं भरतात. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं. भाजलेल्या मातीला बाहेरचं ओझं पेलतं, आतून आलेला रेटा सोसत नाही. इंग्लंडात पारा शून्याच्या आसपास खालीवर होत राहतो. रात्री गोठायचं, दुपारी वितळायचं, पुन्हा भिजायचं. दर फेरीला चीर थोडी पुढे सरकते.

कुंडीच्या घाटाचाही यात वाटा असतो. तोंडाकडे रुंद होत गेलेल्या कुंडीतली माती गोठली, तर ती वर सरकू शकते. रांजणासारख्या, गळ्याशी आवळलेल्या कुंडीत तिला वाट मिळत नाही आणि पोट फुटतं. म्हणून उघड्यावर ठेवायला सरळ, पसरट तोंडाची कुंडी घ्यावी. घेताना ती बोटांनी वाजवून पाहावी. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी चीर आहे.

मातीवर आणि भाजणीवरही पुष्कळ अवलंबून असतं. इटलीत फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला इंप्रुनेता नावाचं गाव आहे. तिथल्या कुंड्या थंडीला दाद देत नाहीत, अशी त्यांची ख्याती आहे. तरीही त्याच मुलखात, मेदिची घराण्याच्या कास्तेल्लो इथल्या बागेत, लिंबू-संत्र्यांच्या मोठमोठ्या कुंड्या हिवाळ्यात खास बांधलेल्या इमारतीत हलवतात आणि वसंतात पुन्हा बाहेर आणतात. ही काळजी मुख्यतः झाडांसाठी, पण तिचा लाभ कुंड्यांनाही होतो.

आता फुटलेल्या कुंडीचं काय करायचं, ते सांगते. नुसती चीर असेल तर कुंडी रिकामी करा, ब्रशनं घासा आणि घरात पूर्ण सुकू द्या. ओल्या खापरावर कुठलाही डिंक धरत नाही. मग दोन भाग कालवून वापरायचा इपॉक्सी डिंक कडांना लावून ती दाबून बांधून ठेवा. काठाखाली गंज न धरणारी तार गुंडाळून पक्कडीनं पीळ दिला, तर चीर पुढे वाढायला अटकाव होतो. अशी कुंडी पुन्हा उघड्या थंडीत ठेवू नका. घरातल्या झाडाला ती चालेल, किंवा आत प्लास्टिकची कुंडी बसवून वरचं आवरण म्हणून वापरा.

पापुद्रे सुटत असतील तर मात्र डिंकाचा उपयोग नाही, कारण अख्खं अंगच भुसभुशीत झालेलं असतं. बाहेरून रंग फासला तर आतलं पाणी उलट कोंडतं. अशा कुंडीत सेम्परव्हायव्हम लावावं. हे जाड पानांचं, गुलाबासारख्या वळ्यांचं झाड थोड्याशा कोरड्या मातीत जगतं आणि बर्फालाही भीत नाही. अर्धी तुटलेली कुंडी ओलसर सावलीत आडवी ठेवली तर बेडकांना आसरा होतो. खापराचा एखादा बाकदार तुकडा कुंडीच्या भोकावर पालथा घातला की माती वाहून जात नाही. मात्र तळाशी तुकड्यांचा थर रचू नका. पाणी त्या थराच्या वर, मातीतच अडून राहतं आणि मुळांची जागाही कमी होते.

उरलेल्या कुंड्या वाचवायच्या तर ऑक्टोबरातच हात घाला. रिकाम्या कुंड्या झाडून-सुकवून शेडमध्ये पालथ्या ठेवा. भरलेल्या कुंड्यांखाली तीन विटांचे तुकडे सरकवा, म्हणजे भोक मोकळं राहील. खालची बशी काढून टाका. कुंड्या घराच्या भिंतीशी, वळचणीला जवळजवळ मांडा आणि भोवती गोणपाट गुंडाळा. तळाचं भोक तेवढं झाकू नका. पाणी बेतानं घाला, तेही सकाळी.

कुंभारानं चाकावर घडवून भट्टीत भाजलेली वस्तू दरवर्षी कचऱ्यात टाकावी लागू नये, असं मला मनापासून वाटतं. महागडं काही आणायला नको. भोक मोकळं ठेवा, अंग कोरडं ठेवा. एवढं केलंत तर चांगली भाजलेली कुंडी तुमच्या झाडाला कितीतरी हिवाळे सांभाळील.