हुनर आहे, दाखला नाही
(संस्थेच्या पालक मेळाव्यातील भाषण)



मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि धुळ्याचे यंत्रमाग थांबले. जितके कापड उतरेल तितकी मजुरी, असा मागावरचा हिशेब. माग बंद म्हणजे चूल बंद. जळगावच्या चटई आणि डाळीच्या कारखान्यांतील रोजंदारीवाल्यांचीही तीच गत. त्या वर्षीचा रमजान कित्येक घरांनी उसनवारीवर काढला, हे आपणांस मी काय सांगावे?

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. जून २०२१ मध्ये केंद्राने एक लाखावर लोकांना रुग्णसेवा, नमुने घेणे, वैद्यकीय उपकरणे हाताळणे अशी सहा प्रकारची कामे शिकविण्याचा कार्यक्रम काढला. शहरी गरिबांना मोफत धंदेशिक्षण देणारे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान तर महामारीच्या आधीपासून चालू होते, आणि त्यात अल्पसंख्याकांसाठी निदान १५ टक्के उद्दिष्ट राखलेले होते. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होते? शिक्षक असून मलाही नव्हते.

माझा एक विद्यार्थी सातवीतून शाळा सोडून मागावर बसला. आवाजावरून मागाचा बिघाड ओळखणारा कारागीर झाला. टाळेबंदीत त्याने हातगाडी घेऊन कांदे-बटाटे विकले. पुढे पथविक्रेत्यांना १०,००० रुपये कर्ज देणारी स्वनिधी योजना आली. मोठ्या आशेने गेला. पण सुरुवातीला ती २४ मार्च २०२० पर्यंत धंद्यात असलेल्यांसाठीच होती. महामारीने ज्याला विक्रेता केले, तोच नेमका बाहेर!

मग तो एका प्रशिक्षण केंद्रात गेला. त्यांनी शाळेचा दाखला मागितला. दाखल्यावर ‘शेख’ नावाच्या आधी, आधारकार्डावर शेवटी, जन्मतारीखही जुळेना. दाखला घेऊन तो माझ्याकडे आला. रजिस्टर काढले, तर नोंद आम्हा शिक्षकांपैकीच कोणीतरी प्रवेशाच्या गर्दीत केलेली. मुलगा शाळा सोडून गेल्यावर अशी दुरुस्ती म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत कागद! ते परत येईपर्यंत वर्ग भरून गेला होता. त्याने मला दोष दिला नाही. ‘सर, नशीब,’ म्हणाला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

समजा, प्रवेश मिळाला असता. शिकेपर्यंत घर कोणी चालवायचे? २०२४ मध्ये राज्याने कामाबरोबर शिकण्याची योजना आणली. बारावीवाल्यास ६,०००, आयटीआय वा पदविकेस ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये महिना. चांगलीच गोष्ट. पण पायरी बारावीची. सातवीवाल्याने कुठे उभे राहावे?

त्याला खरे तर नवे शिकवायचेच नव्हते. हातात असलेले कसब तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ठेवली गेली होती. तिथे अर्ज करा, असे त्याला कोणी सांगितले नाही, मीही नाही.

म्हणून संस्थेला माझी विनंती आहे. स्नेहसंमेलनाच्या मांडवाचा थोडा खर्च वाचवावा (मंडळी रागावतील, पण बोलतो) आणि एक टेबल, एक कपाट, एक जाणता कारकून एवढे द्यावे. तोवर दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी शाळेच्या कार्यालयात बसेन. मुले शाळेत आहेत तोवरच नाव व जन्मतारीख तपासून घ्या. येताना जन्माचा दाखला, आधारकार्ड, रेशनकार्ड आणा. आणि मागावर किंवा कारखान्यात असलेल्या मोठ्या मुलालाही सोबत आणा.