ऊन आपले, मीटर कोणाचे?

(गांधीबाग, नागपूर येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



आज आपण गांधीबागेत जमलो आहोत. बाहेर कापडाच्या ठोक दुकानांची रांग आहे. कापूस आपण वेचायचा, भाव दुसऱ्याने ठरवायचा आणि कापड आपणच विकत घ्यायचे, हे आपल्या अंगवळणी पडले. आता उन्हाचाही तोच व्यवहार होऊ घातला आहे. म्हणून आज विजेबद्दल बोलायचे आहे.

मुंबईजवळच्या समुद्रात घारापुरी बेट आहे. तिथली लेणी पाहायला जग येते. पण तिथल्या तीन गावांना कायमची वीज मिळाली २०१८ साली, समुद्राखालून केबल टाकल्यावर. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर. ७० वर्षे लोकांनी केबलची वाट पाहिली.

स्कॉटलंडमध्ये एग नावाचे बेट आहे. वस्ती शंभराच्या आसपास. तिथेही केबल नव्हती. १९९७ साली लोकांनी न्यास करून ते बेटच जमीनदाराकडून विकत घेतले. २००८ साली पाणी, वारा आणि ऊन यांवर स्वतःची वीज सुरू केली. एका घराने एका वेळी ५ किलोवॅटपेक्षा जास्त ओढायचे नाही. ओढले तर त्या घराचा पुरवठा बंद. नियम सगळ्यांनी मिळून केला, म्हणून तो चालतो.

कोणी म्हणेल, तिकडचे ठीक, आपल्याकडे जमते काय? जुन्नर तालुक्यातली दरेवाडी पाहा. डोंगरातली सुमारे ४० घरे. समुद्र नसला तरी बेटच. २०१२ साली तिथे ९.४ किलोवॅटचा सौर प्रकल्प बसला. पैसा बाहेरून आला, पण कारभार गावाच्या न्यासाकडे. घरोघर मीटर, वापराप्रमाणे बिल, आणि बॅटरी बदलायची म्हणून त्यातलेच पैसे बाजूला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. श्रीरामपूर भागात १९७० च्या सुमारास मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था उभी राहिली. वीज मंडळाकडून घ्यायची आणि गावोगाव वाटायची. थकबाकीचा डोंगर झाला आणि २०११ साली पुरवठा महावितरणकडे गेला. संस्थेला सहकारी नाव दिले म्हणजे ती आपली होत नाही. वसुली आणि हिशेब चोख लागतो.

आता आपला प्रश्न. सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीचे भाडे हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये ठरले. कोरडवाहू पऱ्हाटी आणि ज्वारीचा हिशेब मांडणाऱ्याला ही रक्कम मोठी वाटणारच. भाड्याने देणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. पण जमीन आपली, ऊन आपले आणि प्रकल्प कंपनीचा! २०१९ च्या कुसुम योजनेत तर शेतकरी, शेतकऱ्यांचे गट आणि ग्रामपंचायती यांनी ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचे प्रकल्प स्वतः उभारावेत, अशी तरतूद केली होती. मेगावॅटला चार-पाच एकर पडीत जमीन पुरते. अडते ते भांडवलापाशी.

म्हणून तीन कामे ठरवू. ग्रामसभेत चर्चा झाल्याशिवाय भाडेकरारावर कोणी सही करू नये. आपल्या फीडरवर दिवसा किती तास वीज येते, याची रोज वहीत नोंद ठेवावी. आणि सातबारा गहाण न मागता वीजखरेदी करारावर गटाला कर्ज द्या, ही मागणी प्रत्येक बँकेत लेखी द्यावी.

कापसाच्या वेळी आपण उशिरा जागे झालो. उन्हाच्या वेळी तरी तसे होऊ देऊ नका.