पहिल्याच ऑलिंपिक सामन्यात हॅट्‌ट्रिक

फुटबॉलपटू नेव्हिल डिसोझा मूळचा गोव्याचा, पण खेळायचा मुंबईच्या टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हंगेरीने माघार घेतली आणि भारताला पुढे चाल मिळाली. त्यामुळे 1 डिसेंबरचा ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना हेच नेव्हिलचं ऑलिंपिक पदार्पण ठरलं. नवव्या मिनिटाला पहिला गोल, तेहतिसाव्याला दुसरा. यजमानांच्या ब्रूस मॉरोने दोन्ही वेळा बरोबरी साधली, मध्यंतराला 2-2. पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलचा तिसरा गोल! ऑलिंपिक फुटबॉलमधली आशियाई खेळाडूची ही पहिली हॅट्‌ट्रिक. भारताच्या किट्टूने चौथा गोल करून 4-2 असा विजय पक्का केला. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्धही आघाडीचा गोल नेव्हिलचाच होता. भारत मात्र 1-4 असा हरला आणि अखेर चौथा आला.