टाकलेली बाई आणि कायद्याची फारकत

(चावडीपुढील सभेत शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



लग्नात मानपान कोणाचा, पंगत कोठे बसवायची, ह्याचा खल आपण रात्ररात्र करितो. पण नवरा बायकोला टाकून गेला तर तिने पुढे काय करावे, ह्याचा विचार करायला चार माणसे तासभरही बसत नाहीत. तो विचार आज आपण करू.

अशी बाई गावोगाव आहे. कोणाच्या नवऱ्याने दुसरी केली, कोणाचा परमुलखी गेला तो फिरकलाच नाही, कोणी मारहाण करून बायकोला माहेरच्या दारात आणून सोडली. तिच्या कपाळी कुंकू आहे, पण कुंकवाचा धनी नाही. ती भावाच्या शेतात राबते आणि भावजयीचे बोल ऐकते. टाकून गेलेला मात्र मिशीला पीळ देऊन बाजारात फिरतो. त्याला कोणी काही विचारीत नाही, तिलाच म्हणतात, "बाई, तुझेच काही चुकले असेल!" १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता बायांची परिषद भरली, तेव्हा हे दुःख चारचौघांत बोलले गेले. २०११ च्या खानेसुमारीत घटस्फोट झालेल्यांपेक्षा नुसतेच विभक्त राहणारे दुपटीहून जास्त भरले. सुटलेले थोडे, अडकलेले फार!

कोणी म्हणेल, "लग्न ही जन्माची गाठ, ती सोडणे आपल्या रीतीत नाही." बाबांनो, कोणाच्या रीतीत नाही? शेतकऱ्यांच्या व कारागिरांच्या कितीतरी जातींत काडीमोड होती आणि पाट होता. पंचांपुढे काडी मोडली की बाई मोकळी होई. पण वरच्यांचे पाहून आपल्यातले खातेपीते लोक पाटाला कमीपणा मानू लागले. इकडे मुंबईच्या हायकोर्टाने १८७६ साली ठरविले की, लग्न रद्द म्हणून सांगण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. जुनी वाट अशी दोन्ही अंगांनी बुजली.

नवी वाट तयार व्हायला वेळ लागला. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांतात तो १९४७ साली झाला. चार वर्षे टाकून दिल्यास त्यात फारकत मागता येई. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मुंबईचा कायदा रद्द केला, आणि टाकून देणे हे केवळ कोर्टाकडून विभक्त राहण्याचा हुकूम मिळविण्याचे कारण उरले. १९७६ च्या दुरुस्तीने ते थेट घटस्फोटाचे कारण झाले. अर्ज करण्याच्या आधी सलग दोन वर्षे टाकलेले असावे, एवढी अट आहे. हा हक्क नवऱ्यालाही आहे. बायको विनाकारण सोडून गेली तर त्यालाही तोच कायदा.

पण टाकणे म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. नवरा ऊसतोडीला किंवा मुंबईला पोट भरायला गेला, पैसे पाठवितो, सणाला येतो, तर ते टाकणे नव्हे. दूर राहणे आणि संसार कायमचा मोडण्याचा मनसुबा, अशा दोन्ही गोष्टी लागतात. सुप्रीम कोर्टाने १९५६ च्या सुमारास मुंबईच्याच एका खटल्यात हे स्पष्ट केले. शिवाय त्याला योग्य कारण नसावे आणि दुसऱ्याची संमती नसावी. म्हणून मार खाऊन जीव वाचवायला माहेरी आलेली बाई टाकून गेली असे होत नाही. जिने घर सोडावे असे ज्याने वागविले, टाकणारा तोच. मध्येच दोघे पुन्हा नांदू लागली, तर दोन वर्षे नव्याने मोजावी लागतात. सात वर्षे जिवंत असल्याची काही खबर नसेल, तर ते वेगळे कारण आहे. आपल्यातल्या पिंजारी, आतार, मोमीन भगिनींसाठी १९३९ चा कायदा आहे: नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल किंवा दोन वर्षे त्याने पोटगी दिली नसेल, तर त्यांनाही कोर्टाकडून सुटका मागता येते.

आता मुख्य धोक्याचे सांगतो. पुष्कळ ठिकाणी स्टँपाच्या कागदावर फारकत लिहितात, पंच अंगठे उठवितात, आणि बाईचे दुसरे लग्न लावून मोकळे होतात. जातीत काडीमोडीची रूढी असेल तर कायदा ती अजून मानतो. पण वाद पडला की ती रूढी कोर्टात पुराव्याने शाबीत करावी लागते. ती शाबीत झाली नाही तर कागद कुचकामी आणि दुसरे लग्न रद्दबातल. मग दुसरा नवरा वारला की दीर म्हणतात, "ही लग्नाची बायकोच नव्हे." मुलांना बापाच्या मिळकतीत हक्क मिळतो, पण वीस वर्षे त्या रानात खपलेल्या बाईचे नाव विधवा म्हणून सातबाऱ्यावर चढत नाही. स्टँपाच्या एका कागदाने जन्माची भाकर जाते! जुनी काडीमोड झालेली असेल तर तीही कोर्टाकडून ठरवून घ्यावी.

"कोर्टाची पायरी आम्हाला कशी परवडावी?" असे बाया विचारतात. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला, तिची मिळकत कितीही असो, वकील फुकट मिळतो. जिल्हा किंवा तालुका कोर्टातल्या विधी सेवा कचेरीत जावे. १५१०० वर फोनही करता येतो. २००३ पासून बाईला आपण राहतो तेथल्याच कोर्टात अर्ज करिता येतो, सासरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. नवरा सापडत नसेल तर कोर्टाच्या परवानगीने समन्स घरावर चिकटविता येते, वर्तमानपत्रात छापता येते. तरी तो आला नाही तर पुरावा घेऊन एकतर्फी निकाल होतो. निकालानंतर अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरे लग्न करू नये. पोटगी वेगळी मागता येते, आणि फारकतीनंतरही पुन्हा लग्न करीपर्यंत तो हक्क जात नाही.

म्हणून बायांनो, लग्नपत्रिका, फोटो, पोरांचे दाखले, त्याला पाठविलेली पत्रे जपून ठेवा. तो कधी गेला ती तारीख लिहून ठेवा. शेजारच्या दोन साक्षीदारांना सांगून ठेवा. आणि भावांनो, बहिणीच्या लग्नाला कर्ज काढता, तर तिच्या सुटकेसाठी कोर्टापर्यंत सोबतही करा. फारकत घेतली म्हणून दंड मागणाऱ्या, वाळीत टाकणाऱ्या पंचांना भिऊ नका. महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने वाळीत टाकणे गुन्हा आहे.

तुटलेला नांगर घेऊन कोणी पेरणीची वाट पाहत बसत नाही. टाकून गेलेल्याची वाट पाहण्यात उमर घालविणे हा धर्म नव्हे. पुन्हा लग्न करणे न करणे तिची मर्जी. पण मोकळे होणे तिचा हक्क आहे.